बॉनेटवर उमटलेलं बोट

"महाराज, तुमच्या स्वतःच्या गाडीत हे तीर्थ घालता काय?"

प्रश्न विचारून झाला आणि प्रीतीला वाटलं, झालं, भडंगाचा पुडा जिंकला! कारण प्रश्न तिचा नव्हताच, दहावी 'ब'च्या शेवटच्या बाकाचा होता. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत अनुजानं पैज लावली होती, "उद्या पप्पांसंगं घाटबाबाकडं चाललीस न्हवं? मग एवढंच विचारून ये. विचारलंस तर भडंगाचा अख्खा पुडा तुझा. न्हाय विचारलंस तर मैदानावर सगळ्यांदेखत 'भित्री भागूबाई' म्हणून हाक मारणार."

"मी विचारतो की! त्यात काय एवढं?"

कबड्डीच्या तालुका सामन्यात एका चढाईत तिघींना बाद करून आल्यापासून प्रीतीला जगात अवघड असं काही दिसतच नव्हतं. पण आता गगनबावड्याच्या अलीकडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जी शांतता पसरली, ती काही तिला नीट वाटेना. इतका वेळ टाळ्या पिटणारे हात जागच्या जागी थांबले. नारळ फोडणारा माणूस नारळ वर धरूनच उभा राहिला. आणि तिचे पप्पा, प्रसेनजीत, गाडीच्या सीटवर असे आक्रसले, की जणू प्रश्न त्यांनाच विचारला होता.

शेडबाहेर गाड्यांची रांग पार वळणापर्यंत गेली होती. झेंडूच्या माळा घातलेल्या कोऱ्या मोटारी, दुधाचे टेम्पो, टुरिस्टच्या गाड्या, कागलच्या एमआयडीसीत कामगार नेणारी एक मिनीबससुद्धा. पुढे घाट उतरायचा, म्हणून आधी इथं थांबायचं. कमानीवर लिहिलं होतं, 'ब्रेक देवाचा, प्रवास सुखाचा'. त्याखाली भगव्या लुंगीवर पांढरा शर्ट घातलेला घाटबाबा उभा, हातात तांब्या, कानाला माईक.

नुकताच त्यानं प्रीतीच्या पप्पांच्या लाल गाडीवर चमत्कार करून दाखवला होता. पद्धत ठरलेली.

"पावणं, आधी गाडी बंद करा. देवासमोर इंजनाचा गोंगाट चालत न्हाय. हां! आता सांगा, घाट म्हंजे काय? यमाची पायरी! आणि ब्रेक म्हंजे काय?"

"देवाचा पाय!" सगळी गर्दी ओरडली.

मग बॉनेट उघडायचं. ब्रेकच्या तेलाची ती छोटी पांढरट डबी असते ना, तिचं झाकण बाबा स्वतः फिरवून काढणार. तेलात बोट बुडवणार. मग तांब्यातलं तीर्थ डबीत काठोकाठ ओतणार. बॉनेट खाली करून त्यावर तेच ओलं बोट टेकवणार. "दोन-चार दिसांत हितं देवाचं बोट उमटंल. उमटलं, की समजायचं, देवानं गाडी पत्करली!" आणि खरंच उमटायचं. रांगेतल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर ते फुगलेले, रंग उडालेले ठिपके होते. लोक ते कौतुकानं दाखवायचे, त्याला हळद लावायचे.

"आता ब्रेक दाबा, पावणं. म्हणा, थांब रे देवा!"

"थांब रे देवा," प्रीतीचे पप्पा पुटपुटले आणि पेडल दाबलं.

"जोरात! दाबा! थांब रे देवा! सोडा! पुन्हा दाबा! थांब रे देवा! आता? जातंय का खाली?"

"न्हाय की ओ! दगड झालाय नुसता!"

"कसं जाईल? खालनं देवानं पाय लावलाय! आता पाय तसाच ठेवून चावी फिरवा."

चावी फिरली, इंजिन सुरू झालं आणि दगड झालेलं पेडल आपोआप हळूच खाली सरकलं. पप्पांचे डोळे विस्फारले. बाबा गरजला, "बघा! देवानं मान डोलावली!" टाळ्या, शिट्ट्या, नारळ. आणि नेमकी तेव्हाच प्रीती पैज जिंकायला पुढं झाली होती.

बाबा तिच्याकडं बघत राहिला. मग गोड हसला.

"अगं लेकरा, विहिरीला कुणी पाणी पाजतंय व्हय?"

शेडमध्ये हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "बाबांनी एका वाक्यात पोरीला चितपट केली!" प्रीतीच्या कानशिलांवर आग झाली. बाबाचा आवाज मात्र एकाएकी थंड झाला. "पण पावणं, शंका म्हंजे गंज. एकदा लागला की लोखंड खाऊनच उठतोय. ह्या गाडीला जपा."

परतीच्या वाटेवर, कळे गावापाशी आल्यावर पप्पा म्हणाले, "तुला पैज प्यारी, व्हय? ह्या गाडीवर आपली चूल पेटतीय. येत्या शनिवारी तुझ्याच संघातल्या पोरी घेऊन घाट उतरायचाय मला, कणकवलीला. ठाव हाय न्हवं?"

"पप्पा, मी नुसतं विचारलं."

"केरबानंबी नुसतंच विचारलतं."

केरबाकाका म्हणजे उचगावच्या भाड्याच्या गाड्यांच्या स्टँडवरचे पप्पांचे जोडीदार, शेजारच्या गल्लीत राहणारे. गेल्या हिवाळ्यात घाट उतरताना त्यांचं पेडल एकदम लोण्यात पाय घातल्यासारखं तळाला गेलं. दरीकडं जाण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. गाडीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणून गेला तो एकट्या काकांचा पाय गेला, गुडघ्यापासून खाली. त्यांच्या बॉनेटवर देवाचं बोट होतं, डबीत तीर्थ काठोकाठ होतं. मग असं कसं झालं? बाबा म्हणाला, केरबानं घरी जाऊन तीर्थाचा वास घेतला होता, 'हे नुसतं पाणी तर न्हवं?' असं बोलला होता, देव कोपला. तेव्हापासून केरबाकाका अंगणात खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "चूक माझीच बाबा." आणि त्यांची बायको बायडाबाई धुणं आपटता आपटता सुनावते, "नाक खुपसलं आणि पाय घालवून बसले."

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता पप्पांना म्हणाली, "तुमच्या यल्लव्वा आज्जीच्या नावातच देवी हुती. तिनं छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर घरातले देवांचे टाक टोपलीत घालून पंचगंगेत सोडले. आणि तिचा नातू ब्रेकात देव ओततोय."

"तुला काय कळतंय?" पप्पा उसळले. "स्टँडवरची एक गाडी सांग, बोट न उमटलेली! मी एकट्यानं न्हाय म्हणलं की 'ह्यांचं आपलं वेगळंच' सुरू हुतंय. मग हाळी मारून भाडं कोण देणार मला? चार लोकांत ऱ्हायचं तर चार लोकांसारखं वागायला लागतंय."

आईनं भाकरी तव्यावर टाकली.

गुरुवारी पप्पांनी प्रीतीला शाळेतून परस्पर उचललं आणि पुन्हा घाटबाबाकडं नेलं, प्रायश्चित्ताला. शंका धुऊन काढायची म्हणून बाबानं पिचकारीनं डबीतलं जुनं तेल बरंच उपसून टाकलं आणि दुप्पट तीर्थ घातलं. "पाया पड," पप्पा म्हणाले. एका चढाईत तिघींना बाद करणारी प्रीती वाकली. बाबाच्या पायाला अत्तराचा वास होता. बाबा म्हणाला, "आता कसं शहाणं झालं लेकरू!" प्रीतीला भडंगाचा पुडा आठवला आणि स्वतःचीच चीड आली. आपण एक प्रश्न काय विचारला, पप्पांनी गाडीत आणखी पाणी घालून घेतलं!

पप्पा प्रसादाच्या रांगेत थांबले तेव्हा ती तोंड धुवायच्या निमित्तानं शेडच्या मागं गेली. तिथं बाबाची पांढरीशुभ्र मोठी गाडी उभी होती, बॉनेट उघडं. बाबाचा ड्रायव्हर अमरसिंह ब्रेकच्या डबीभोवतीची धूळ फडक्यानं पुसत होता. मग त्यानं एका छोट्या डब्याचं सील फोडलं, झाकण काढलं आणि डबीवरच्या वरच्या रेघेपर्यंत बेतानं तेल ओतलं. एक थेंब रंगावर सांडला, तर घाईनं पाणी घेऊन धुऊन काढला.

बॉनेटवर बोट नव्हतं. कुठंच नव्हतं.

"काका, तीर्थ न्हाय घालत?"

अमरसिंह दचकला. शाळेच्या ड्रेसातली पोर बघून सैल झाला आणि हसला. "येडी का खुळी गं तू? ह्या गाडीत मीबी बसतोय की!"

आणि पैजेच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. बाबाच्या उत्तरासारखं ते टाळ्यांचं नव्हतं.

परत येताना घाटाकडं नव्हे, कोल्हापूरकडं, सपाट रस्त्यानं यायचं होतं, म्हणून बरं. तरी प्रीतीनं सीटची कड सोडली नाही. घरी पोचल्यावर "गाडी पुसून ठेवतो," म्हणून तिनं चावी मागून घेतली. आत बसली. इंजिन बंद. पेडल दाबलं. बाबा नव्हता, तांब्या नव्हता, देवाचं नाव घ्यायची तिची इच्छाही नव्हती. ती आपली म्हणाली, "भडंग रे देवा!"

दाबलं, सोडलं. "भडंग रे देवा!" पुन्हा दाबलं. पेडल दगड.

पाय तसाच ठेवून तिनं चावी फिरवली. पेडल हळूच खाली सरकलं. भडंगानं मान डोलावली!

ती एवढ्यानं हसली, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मग तिनं डबीतल्या तेलात बोट बुडवलं आणि तिच्या जुन्या सायकलच्या मडगार्डवर गिरवून 'भ' काढला. हात साबणानं खसखसून धुतले. आणि दुसऱ्या दिवशी, शाळा उघडायच्या आधी, विज्ञानाच्या क्रांती मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिली.

शुक्रवारी संध्याकाळी क्रांती मॅडम स्कूटीवरून आल्या. पिशवीत स्पिरिटचा दिवा, काचेच्या परीक्षानळ्या, सुया काढलेल्या दोन सिरिंज, आणि ब्रेकच्या तेलाचा एक सीलबंद डबा. मागं अनुजा, हातात भडंगाचा पुडा.

पप्पा अवघडले. "मॅडम, या, चहा घ्या. पण बाबांविषयी नगं."

"बाबांविषयी नाही बोलत," मॅडम म्हणाल्या. "गाडीविषयी बोलू. उद्या माझ्या पोरी बसणारेत तिच्यात."

प्रीतीनं पप्पांना गाडीत बसवलं. "दाबा पप्पा. म्हणा, भडंग रे देवा."

"चेष्टा करतीस बापाची?"

"पैज समजा. पेडल दगड झालं न्हाय तर मी परत बाबाच्या पाया पडतो."

पप्पांनी दाबलं. भडंगाचं नाव काही घेतलं नाही, ओठ घट्ट मिटूनच दोन-तीनदा दाबलं. पेडल दगड झालं. चावी फिरवली. पेडल सरकलं.

मॅडमनी प्लॅस्टिकची रिकामी बाटली तोंडाला लावून हवा ओढली. बाटली आत चेपली. "इंजिन चालू असलं की पेडलच्या पाठीमागच्या गोल डब्यातली हवा अशी ओढली जाते. त्या पोकळीचा जोर आपल्या पायाला मदत करतो, म्हणून ब्रेक हलका लागतो. इंजिन बंद केलं की दोन-तीन दाबांपुरती मदत उरते. ती संपली, की पेडल दगड. देवानं पाय लावला असं म्हणता ना? उलट आहे. मदत होती तीसुद्धा गेली. इंजिन सुरू झालं की मदत परत येते आणि पेडल सरकतं. प्रत्येक गाडीत, प्रत्येक वेळी. म्हणून बाबा आधी काय सांगतो?"

"गाडी बंद करा," पप्पा हळूच म्हणाले.

"आणि हे देवाचं बोट!" प्रीतीनं मडगार्ड पुढं केलं. सायकलच्या जुन्या रंगाला एका दिवसातच 'भ'च्या आकारात सुरकुत्या पडल्या होत्या, लाल गाडीच्या बॉनेटवरच्या बोटासारख्याच. नखानं उकरल्यावर पापुद्रा निघाला, खाली पत्रा. "ब्रेकचं तेल रंग खातंय, पप्पा. म्हणून तर बाबाचा तो ड्रायव्हर अमरसिंह स्वतःच्या गाडीवर एक थेंब सांडला तर पळत पाणी आणतोय."

मग मॅडमनी दोन नळ्या घेतल्या. एकीत सीलबंद डब्यातलं तेल, दुसरीत पप्पांच्या गाडीतलं. दोन्ही सारख्या तापवल्या. नवं तेल थंडपणे बसून राहिलं. पप्पांच्या नळीत मात्र तळातून बुडबुडे उठले, मग फसफसायलाच लागलं. मॅडमनी झटकन दिवा बाजूला केला.

"घाटात पाय सारखा ब्रेकवर. चाकाजवळ तेल किती तापत असेल, तुम्हीच सांगा. चांगलं तेल ते सोसतं. पाणी सोसत नाही, त्याची वाफ होते." त्यांनी दोन सिरिंज रबरी नळीनं जोडल्या, पाणी भरलं. एकीचा दट्ट्या दाबला, दुसरीचा तेवढाच वर उठला. मग मध्ये थोडी हवा सोडली. "आता दाब गं अनुजा."

अनुजानं दाबलं. दट्ट्या आत गेला. पलीकडचा जेमतेम हलला.

"असं का?" पप्पांनी विचारलं.

"हवा चेपते, वाफ चेपते. तुमचा पाय तळाला जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही."

"लोण्यात पाय घातल्यागत," पप्पा म्हणाले. हे शब्द केरबाकाकांचे होते. अंगणातल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

"आणखी एक," सकाळी मॅडमकडनं समजून घेतलेलं सगळं सांगितल्याशिवाय प्रीती आता थांबणार नव्हती. "डबीतलं तेल उतरतं तेव्हा बाबा म्हणतोय, गाडी तीर्थ प्याली. गाडी काय पिती? ब्रेकचे पॅड झिजले की चाकाशी जास्त तेल लागतं, म्हणून वरचं उतरतं. न्हायतर कुठंतरी गळत असतं. ती गाडीची हाक असती, पप्पा, की बघा, माझं काहीतरी संपत आलंय! आणि आपण तिच्या तोंडात पाणी ओततोय, गप बस म्हणून."

पप्पांनी जॅक काढला, पुढचं चाक उतरवलं आणि वाकून पाहिलं. ब्रेकचे पॅड पापडासारखे पातळ उरले होते. त्यांनी चाक परत बसवलं. मग उठले आणि गाडी हळूहळू, पहिल्या गिअरमध्ये, कोपऱ्यावरच्या गॅरेजकडं घेऊन गेले. पॅड बदलले. नळ्यांतलं पाणी-तेल सगळं काढून सीलबंद डब्यातलं नवं भरलं, दोन रेघांच्या मध्ये, वरच्या रेघेच्या वर नाही.

शनिवारी लाल गाडी घाट उतरली. घाटबाबाच्या शेडसमोर रांग होती, नेहमीपेक्षा मोठी. माईकवरून आवाज येत होता, "दाबा पावणं! थांब रे देवा!" एका जीपमध्ये नवरा-नवरी होते आणि वऱ्हाडातल्या बायका हसत बॉनेटला कुंकू लावत होत्या. प्रीतीकडनं सगळं ऐकलेल्या गाडीतल्या पोरी ओरडायला लागल्या, "काका, थांबवा! आम्ही सांगतो त्यांना!"

पप्पांनी काच वर केली आणि गाडी पुढं घेतली.

संघ कणकवलीत जिंकला. प्रीतीला त्याचा आनंद नीट झालाच नाही. प्रत्येक चढाईत तिला ती जीप दिसत होती.

रविवारी दुपारी पप्पा स्टँडवरून जेवायला आले. ताट वाढलं होतं. प्रीतीनं विचारलं, "केरबाकाकांना सांगितलं?"

"सकाळी भेटला हुता."

"मग?"

"बोललो इकडचं तिकडचं."

"आणि स्टँडवर?"

पप्पांनी भाकरी मोडली. "हे बघ, आपली गाडी नीट झाली न्हवं? बास. स्टँडवर तोंड उघडलं तर म्हणतील, ह्यांना देव नकोच हाय. तुला म्हाईत न्हाय माणसं कशी असतात."

आई चुलीकडं बघत म्हणाली, "आणि केरबाला सांगून पाय उगवणार हाय काय?"

"पाय न्हाय उगवणार, आई." प्रीती उभी राहिली. "पण ते रोज खुर्चीत बसून 'चूक माझीच' म्हणतात. चूक त्यांची नव्हती. त्यांनी वास घेतला, शंका घेतली, तेच तेवढं बरोबर केलं हुतं. विचारल्यानं कुणाचा ब्रेक जात न्हाय. न विचारता ओतू दिल्यानं जातोय. आणि आपल्याला हे आता कळलंय, तरी आपण गप्प बसलो, तर त्या बाबात आणि आपल्यात फरक काय? त्यालाबी म्हाईतच हाय की! म्हणून तर त्याच्या गाडीत सीलबंद तेल असतंय."

पप्पांचा घास हातातच राहिला.

"उद्या शाळा सुटली की मी केरबाकाकांच्या अंगणात जाणार, बायडाकाकूंच्या समोर सगळं करून दाखवणार. आणि पुढच्या रविवारी घाटबाबाच्या रांगेत. मॅडम येणारेत, अनुजा येणार हाय. मी एकेका गाडीच्या खिडकीशी जाणार आणि म्हणणार, देवाचं नाव घेऊ नका, माझं घ्या, भडंगाचं घ्या, कुणाचंबी घ्या, पेडल दगड हुतंयच, बघा दाबून. मारलं तर मारू देत. पप्पा, लाल गाडी तुम्ही आणली तर लई बरं हुईल, कारण तिच्यावरचं बोट लोकांना दाखवता येईल. न्हाय आणलीसा तर मी एसटीनं जातो. पण जाणार."